माथेरानच्या लाल वाटा: कुठून चालायचं, कसं चालायचं आणि वाट आधी कुणाला द्यायची

दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की माथेरानचा खरा रस्ता सुरू होतो. इथून पुढे खासगी मोटारींना बंदी आहे आणि फेब्रुवारी २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत गेलात तर पाऊण तास लागतो. जवळच्या अमन लॉज स्टेशनहून शटल गाडी आहे, घोडे आहेत, ई-रिक्षा आहेत. पण पॉइंट बघायचे तर पायांनाच कामाला लावावं लागतं, आणि ते उत्तमच आहे.

मात्र या वाटा फक्त फिरायला आलेल्यांच्या नाहीत. गावातला सिलिंडर, भाजी, दूध, पर्यटकांच्या बॅगा, बांधकामाची वाळू, हे सगळं वर्षानुवर्षं माणसाच्या डोक्यावरून नाहीतर घोड्याच्या पाठीवरून गेलेलं आहे. आपण ज्याला ट्रेल म्हणतो तो इथल्या माणसाचा कामाचा रस्ता असतो. म्हणून इथे नियम एकच धरावा: ज्याला थांबणं किंवा बाजूला होणं अवघड आहे, त्याला वाट आधी. खाली जे तपशील आहेत ते बहुतेक या एका नियमातूनच निघतात.

वाट निवडताना

माथेरानचं पठार साधारण ८०० मीटर उंचीवर, उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी सोंडा फुटलेल्या आहेत. जवळपास प्रत्येक पॉइंट म्हणजे एखाद्या सोंडेचं टोक किंवा कड्याचा काठ. नकाशात दोन पॉइंट अगदी शेजारी दिसतात, पण मधे दरी असते आणि वळसा मोठा पडतो. त्यामुळे "एका दिवसात सगळे पॉइंट" हा बेत सोडून द्या. एका वेळी एकच बाजू धरा.

अर्धा दिवस असेल तर पश्चिमेची बाजू घ्यावी. बाजारातून शार्लोट लेक, तिथून इको पॉइंट, मग लुईझा आणि शेवटी सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन, म्हणजेच सनसेट पॉइंट. वाट बहुतेक दाट झाडीतून आहे, चढउतार बेताचे आहेत आणि समोर प्रबळगड सतत साथीला असतो. दुपारी दोन-अडीचला निघालात तर कुठेही धावपळ न करता सूर्यास्त गाठता येतो.

दक्षिणेची फेरी अलेक्झांडर, रामबाग, चौक पॉइंट आणि वन ट्री हिल अशी करता येते. हिला सकाळ बरी. चौक आणि वन ट्री हिलकडे उघड्यावर बराच वेळ जातो आणि मार्चनंतर दहा वाजताच ऊन चटके देतं. खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं ते याच बाजूने.

उत्तर टोकाचा पॅनोरमा पॉइंट सर्वांत लांबचा. तिथला सूर्योदय गाठायचा तर अंधारातच निघावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी उजेडात सुरुवातीची वाट बघून ठेवा. बाजारातून जाऊन यायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. पूर्वेचा गार्बट पॉइंट एकांताचा आहे. गर्दी नसते म्हणून छान, आणि नेमकं त्याच कारणाने तिथे एकट्याने जाऊ नये. पाय मुरगळला तर मदतीला हाक ऐकणारं जवळ कुणी नसतं.

पाणी अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. पॉइंटवरच्या टपऱ्यांच्या भरवशावर राहू नका. शनिवार-रविवारी त्या उघड्या असतात, मंगळवारी भर दुपारी असतीलच असं नाही, आणि पावसाळ्यात बऱ्याचशा बंद असतात. मोबाइलची रेंज सोंडांच्या टोकाला येते-जाते, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

पायाखाली काय आहे ते बघा

माथेरानचा लाल रंग जांभ्याचा. जांभा सच्छिद्र, वरून खरखरीत आणि कडेला ठिसूळ असतो. कोरड्या दिवसांत त्याचा चुरा होऊन बारीक गोल खडी वाटेवर पसरते आणि उतारावर ती ज्वारीचे दाणे सांडल्यासारखी बुटाखाली घरंगळते. इथे पडणारे लोक चढताना क्वचित पडतात. पडतात ते उतरताना, टाच आधी टेकवल्यामुळे. टाचेवर सगळं वजन आलं की टाचेखालची खडी सुटते आणि माणूस थेट पाठीवर.

म्हणून उतरताना गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी टाका आणि पूर्ण तळवा एकदम टेकवा. शरीर मागे झुकवू नका. भीती वाटली की आपण आपोआप मागे झुकतो आणि नेमकं तेच घसरवतं. उतार जास्त असेल तर थोडं तिरकं होऊन, पाऊल आडवं टाकत उतरा. शक्य असेल तिथे खडीवर पाय न ठेवता घट्ट रुतलेल्या दगडावर किंवा मुळाशेजारच्या मातीवर ठेवा. मुळावर मात्र नको. ओलं मूळ दगडापेक्षा निसरडं असतं.

पावसाळ्यात गोष्ट वेगळी. खडी धुऊन जाते, पण सावलीतल्या दगडांवर आणि फरसबंदीवर शेवाळ धरतं. हिरवं शेवाळ दिसतं तरी, काळपट पातळ थर दिसत नाही आणि तोच जास्त दगा देतो. ओल्या दिवसात रंग गडद आणि पृष्ठभाग चकचकीत दिसला तर तिथे पाय टाकायचा नाही.

बुटांचे तळवे घरीच उलटे करून बघा. टाचेकडच्या बाहेरच्या कडेला खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर तो बूट माथेरानला आणू नये, कितीही आरामदायी असला तरी. नवा कोरा बूटही नको, आधी दोन-तीन वेळा घालून पायाला बसवलेला हवा. लाल धूळ मोज्यातून आत जाते आणि घामाबरोबर घासून फोड आणते, म्हणून मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत असू द्या आणि दुपारी बदला.

घोडा आला की

माथेरानच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मागून टापांचा आवाज येतो, गटातले निम्मे डावीकडे पळतात, निम्मे उजवीकडे, एक जण मधेच थबकतो. घोड्याला दोन्हीकडे हलणारी माणसं दिसतात आणि तो बिचकतो. पाठीवर बहुतेक वेळा पहिल्यांदाच घोड्यावर बसलेलं कुणीतरी असतं, कधी लहान मूल.

करायचं असं: टाप ऐकू आली की सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं. कोणत्या, ते पुढच्या माणसाने मोठ्याने सांगायचं. वाटेची एक कड दरीची असेल तर नेहमी डोंगराच्या बाजूला. दरीच्या बाजूला उभं राहिलात आणि घोड्याची किंवा खोगिराला लटकवलेल्या सामानाची धडक बसली तर जायला जागाच नसते. बाजूला झाल्यावर स्थिर उभे राहा. घोडेवाल्याशी दोन शब्द बोला, "दादा, या पुढे," एवढंही पुरतं. काठी घेऊन, पाठीवर फुगीर सॅक अडकवून झाडाआड गप्प उभी असलेली आकृती घोड्याला विचित्र वाटू शकते. आवाज ऐकला की ते माणूस आहे हे त्याला कळतं.

छत्री त्याच्यासमोर फाडकन उघडू नका. वाऱ्यावर फडफडणारा पोंचो हाताने अंगाशी धरा. घोडा गेल्यावर लगेच त्याच्या मागे लागून चालू नका, तीन-चार मीटर अंतर राहू द्या, कारण त्याने मागचा पाय झाडला तर तो जवळच्या माणसाला लागतो. बांधलेल्या घोड्याला मालकाला न विचारता हात लावायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. मुलांना हे घरून निघतानाच सांगून ठेवावं.

आणि आपणच घोड्यावर असू तर? दौडत नेण्याचा आग्रह धरू नका. वळणापलीकडे चालणारी माणसं असतात. घोडेवाला लगाम धरून चालतो म्हणतोय तर त्याला धरू द्या.

डोक्यावर ओझं, हातात गाडा

डोक्यावर दोन-तीन बॅगांची चळत घेऊन चालणाऱ्या माणसाला मान वर करता येत नाही. त्याला समोरची दोन-चार पावलं दिसतात, आणि त्याने पायांसाठी नेमकी जागा हेरलेली असते. आपण समोर गेलो की त्याला ती जागा सोडून खडीवर पाय टाकावा लागतो. त्याच्याशी नजरानजर होईल आणि मग ठरवू, असं समजून चालू नका. तो दिसताच बाजूला व्हा. चढावर असाल तरीही, दमलेले असाल तरीही.

हातरिक्षा ओढायला एक आणि मागून ढकलायला-सावरायला दोन माणसं असतात. उतारावर ती ढकलावी लागत नाही, अडवून धरावी लागते आणि एकदा लय लागली की मधेच थांबवणं कठीण. या हातरिक्षा बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाने माणसाला ओढण्याचं हे काम थांबणं योग्यच आहे, मात्र वाटेवर हातरिक्षा दिसली तर ती ओढणाऱ्याला रस्ता मोकळा करून देणं आपल्या हातात आहे. ई-रिक्षाचा त्रास उलटा: आवाजच नाही. दस्तुरी-बाजार रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालून चालू नका.

रुळांबद्दलही सांगायला हवं. नेरळ-माथेरान गाडी १९०७ पासून धावते आणि तिचे दोन फुटी रूळ बऱ्याच जागी वाटेला लगटून जातात. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. गाडी हळू असते हे खरं, पण वळणावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उतार असला की बाजूला व्हायला हातभर जागा मिळत नाही. रूळ ओलांडायचे ते फाटकावर किंवा रूढ वाटेवर, थांबून दोन्हीकडे बघून. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तरी अमन लॉज-माथेरान शटल सुरू असते. "पावसात गाडी नसते" हे अर्धवट ऐकून कुणी रुळांवर फोटो काढत बसू नये.

गट असेल तर

एका रांगेत चाला. पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे दमदार आणि शांत डोक्याचा एक जण. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय हलायचं नाही. माथेरानात माणसं चुकतात ती जंगलात भरकटून नाही, फाट्यावर. चार वाटा सारख्याच लाल असतात, सारख्याच रुंद असतात.

अरुंद पायवाटेवर चढणाऱ्याला आधी वाट द्या. त्याचा दम आणि लय मोडली तर पुन्हा लावायला कष्ट पडतात. मोठा गट आणि समोरून एकटा-दुकटा असेल तर तो कुठूनही येत असो, गटानेच थांबावं. एकट्याने पंचवीस जणांसाठी झुडपात उभं राहणं बरोबर नाही.

स्पीकर नको. इको पॉइंटवर हाक मारायची हौस सगळ्यांनाच असते, मारा एकदा. पण जंगलातल्या वाटेवर गप्प चाललात तर शेकरू दिसण्याची शक्यता खूप वाढते. झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा मोठा गोल दिसला तर ते बहुधा त्याचं घरटं. थांबा, बोलू नका, पाच मिनिटं द्या.

माकडं

माकड हल्ला करतं तेव्हा त्याचा डोळा पिशवीवर असतो. प्लास्टिकचा चुरचुर आवाज म्हणजे खाणं, हे त्याला पर्यटकांनीच शिकवलं आहे. त्यामुळे हातात पिशवी धरायचीच नाही. सगळं सॅकमध्ये, चेन बंद, बाहेरच्या जाळीत बाटली किंवा वेफर्स नको. पॉइंटच्या कठड्यावर बसून खाणं टाळा. पिशवी खेचली गेली तर सोडून द्या, ओढाताणीत चावा बसतो आणि कठड्याजवळ तोलही जातो. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका. माकडाच्या भाषेत ते आव्हान असतं. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका.

चावलं किंवा ओरखडलं, रक्त आलं असो वा नसो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरकडे जा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका.

शॉर्टकट आणि कचरा

नागमोडी वाटेची दोन वळणं जोडणारी सरळ घसरगुंडी दिसते, पाच मिनिटं वाचतात असं वाटतं. माथेरानचा पाऊस प्रचंड असतो. पावलांनी गवत मेलेल्या त्या सरळ पट्ट्यातून पाणी जोरात उतरतं, माती नेतं, एका पावसाळ्यात तिची घळ होते आणि ती घळ खालची चांगली वाट कापते. झाडांची मुळं उघडी पडतात. वाट वळते ती पाण्याचा जोर मोडण्यासाठी, म्हणून तिच्यावरूनच चाला. चिखल असला तरी कडेकडेने जाऊन वाट रुंद करू नका, बूट धुता येतात.

कचऱ्यात केळ्याची साल आणि मक्याचं कणीसही धरा. "कुजून जाईल" हे खरं, पण त्याआधी माकड आणि घोडा तिथे येतो आणि पुढच्या माणसाला त्रास होतो. दोन पिशव्या ठेवा, एक कोरड्या कचऱ्याला आणि एक ओल्याला. घरी परतल्यावर रिकाम्या करा.

शौचाचं निघण्यापूर्वीच आटोपून घ्या. बाकी डोंगरांत सांगतात तसा वीतभर खड्डा इथे जांभ्यावर खणता येत नाही, मातीचा थर पातळ असतो. शार्लोट लेक हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा जुना साठा. त्याच्या वरच्या उतारांवर तर अजिबात नाही. तलावात पोहायचं नाही, भांडी किंवा पाय धुवायचे नाहीत. आडवेळ आलीच तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर लांब, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत.

फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं. त्या काळात काडी, सिगारेट, चूल काहीही नाही.

पायथ्याहून वर येणाऱ्या वाटा

धोदाणीहून सनसेट पॉइंटला, डिकसळकडून गार्बटला, आंबेवाडीकडून वन ट्री हिलला चढणाऱ्या वाटा ट्रेकर्सच्या आवडीच्या. यांना पठारावरच्या फेरीचा हिशेब लावू नका. दोन ते तीन तासांची चढण, माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची पुडी (एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी-अर्धी नाही), आणि पहाटेची सुरुवात. वन ट्री हिलजवळची शिडीची वाट शेवाळ असताना उतरू नये.

या वाटांवर खालच्या वाड्यांतली माणसं रोज कामासाठी चढतात. मावशी डोक्यावर पाटी घेऊन येत असतील तर बाजूला व्हा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. वाडीतून जाताना अंगणातून नाही, कडेच्या वाटेने. वाट विचारायची तर "हीच ना वाट?" असं विचारू नका, माणूस भिडेखातर हो म्हणतो. "गार्बटला कुठून जायचं?" असं विचारा.

कडा, धुकं, अंधार

पॉइंटच्या कठड्यापलीकडे जाऊ नका. जांभ्याच्या कवचाखालची माती पाण्याने पोखरलेली असते आणि वरचा थर छज्जासारखा पुढे आलेला असतो. वरून तो भक्कम दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर गुडघाभर गवत कड्याच्या पलीकडे झुकलेलं असतं, त्यामुळे जमीन संपते कुठे तेच कळत नाही. कठडा नसेल तिथे काठापासून तीन मीटर आत राहा. फोटो काढताना मागे पाऊल टाकायचं नाही, आधी वळून बघायचं.

पावसाळी धुक्यात दहा पावलांवरचं दिसेनासं झालं तर वाटेवरच थांबा. पॉइंटकडे जाणारी वाट शेवटी कड्यावरच जाते, हे लक्षात असू द्या. पंधरा-वीस मिनिटांत बहुधा पडदा विरळ होतो.

फांदीला, कठड्याला, दगडाच्या कपारीला न बघता हात लावू नका. चापडा हा विषारी साप हिरवा असतो, पानांत मिसळून जातो आणि माणूस आला म्हणून पळत नाही. साप चावलाच तर चावलेल्या माणसाला चालवू नका, अंगठी-घड्याळ-कडं काढा, जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अवयव हलू न देता झोळी किंवा स्ट्रेचर करून खाली न्या. रुग्णवाहिकेला दस्तुरीच्या पुढे येण्याची मुभा आहे. १०८ ला फोन करताना जवळच्या पॉइंटचं नाव, आलात त्या वाटेचा शेवटचा फाटा आणि माणसाची अवस्था, या क्रमाने सांगा. रेंज नसेल तर दोघांनी एकत्र मदत आणायला जावं, एकाने जखमीपाशी थांबावं.

पॉर्क्युपाइनवर सूर्य बुडाल्यावर लोक आणखी अर्धा तास रेंगाळतात आणि मग दाट झाडीत गडद काळोखात उतरतात. सूर्य टेकला की पाच मिनिटांत निघा. टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी, मोबाइलची नाही, कारण बॅटरी दिवसभर फोटोत संपलेली असते. कपाळावरची टॉर्च असेल तर समोरून कुणी आलं की उजेड खाली पायाकडे वळवा. घोडा समोर असेल तर आधीच वळवा.